घरभर वायफाय आणि मेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फायबर आलं, नेटवाला राउटरचा डबा बसवून गेला, बैठकीत नेट पळतंय आणि माडीवर गोल गोल फिरतंय. संभाजीनगरच्या फ्लॅटपासून हिंगोलीकडच्या माळवदाच्या घरापर्यंत तक्रार हीच असते. घरोघरी वायफायची कामं करताना लोक जे विचारतात, ते खाली त्यांच्याच शब्दांत दिलं आहे.

मेश वायफाय म्हणजे नेमकं काय?

दोन किंवा जास्त डबे, पण वायफायचं नाव एक आणि पासवर्डही एक. पहिला डबा नेटच्या लाइनला जोडलेला असतो, बाकीचे घरात लांब ठेवायचे. ते आपसात वायरलेसने किंवा केबलने बोलतात. ओसरीतून बोलत बोलत माडीवर गेलात की फोन आपोआप जवळच्या डब्यावर जातो. निदान जायला पाहिजे. न जाणाऱ्या फोनांबद्दल खाली लिहिलंय.

मग हजार रुपयांचा रिपीटर काय वाईट?

एखाद्या कोपऱ्यातल्या खोलीत फक्त व्हॉट्सॲप चालावं एवढंच पाहिजे असेल तर वाईट नाही. पण साधा रिपीटर ज्या रेडिओवर सिग्नल घेतो त्याच रेडिओवर पुढे देतो, त्यामुळे वेग जवळजवळ अर्धा होतो. शिवाय बऱ्याच रिपीटरांचं नाव वेगळं पडतं आणि खोली बदलली की फोनमध्ये हाताने नेटवर्क बदलत बसावं लागतं. स्वस्त मेशमध्येही वेग अर्धा होण्याचा प्रकार असतोच, हे मात्र दुकानदार सांगत नाही.

आमच्या घराला मेश लागेलच का?

बऱ्याच घरांना लागत नाही. नेटवाला डबा कुठे लावतो ते आठवा: केबल जिथून घरात शिरते तिथेच, म्हणजे दाराच्या वर, मीटरशेजारी, नाहीतर टीव्हीच्या मागे. त्याला घर दिसत नसतं, त्याला त्याची केबल वाचवायची असते. तो डबा घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, मोकळ्यावर आणला की निम्म्या घरांचा प्रश्न तिथेच मिटतो. फायबरचा तुकडा लांबवायला पैसे मागितले तर द्या, मेशपेक्षा ते स्वस्तच पडतं. फायबर हलत नसेल तर फायबरचा डबा तिथेच राहू द्या आणि त्यातून लॅन केबल ओढून घराच्या मध्यावर एक वेगळा राउटर ठेवा.

लोखंडी कपाटावर, फ्रिजमागे, आरशामागे किंवा पाण्याच्या टाकीखाली राउटर ठेवू नका. धातू सिग्नल परतवतो आणि पाणी शोषतं.

हे सगळं करूनही लांबच्या खोलीत व्हिडिओ कॉल तुटत असेल तर पुढचं वाचा.

जुन्या वाड्यात रेंज का येत नाही? फ्लॅटवाल्या भावाकडे तर हाच राउटर मस्त चालतो.

भावाच्या फ्लॅटची आतली भिंत चार-सहा इंचाची आहे. तुमच्या वाड्याची भिंत दगड-मातीची, दोन-अडीच फूट जाडीची. राउटर दोन पट्ट्यांत सिग्नल सोडतो, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल अशी एक भिंत जेमतेम ओलांडतो, दुसऱ्या भिंतीपलीकडे त्याच्याकडून काही मागू नका. २.४ गिगाहर्ट्‌झ जास्त आत शिरतो, पण त्याचा वेग कमी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सगळे राउटर त्याच पट्ट्यात गर्दी करून बसलेले. माळवद असेल तर वरून मातीचा जाड थर, त्यामुळे खालून वर सिग्नल जातच नाही म्हटलं तरी चालेल. स्लॅबच्या घरात सळयांची जाळी आडवी येते. पत्र्याच्या खोलीत तर सिग्नल पत्र्यावरून परत फिरतो.

वाड्याची एक सोय मात्र लोक वापरत नाहीत, ती म्हणजे चौक. सिग्नल भिंतीतून ढकलत बसण्यापेक्षा चौकातून न्या. एक डबा चौकाच्या या बाजूच्या ओसरीत, दुसरा समोरच्या ओसरीत, एकमेकांना दिसतील असे. मध्ये फक्त हवा असते, त्यामुळे दोघांचं बोलणं फार चांगलं होतं. तिथून आतल्या खोल्यांत सिग्नल लाकडी दारांतून, खिडक्यांतून जातो. मागच्या अंधाऱ्या खोलीत सिग्नल पोचवायचाच असेल तर तिथे केबलशिवाय इलाज नाही.

लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जी पुनर्वसित गावं वसली, तिथली मूळ घरं २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची होती. ज्यांनी पुढे वाढवलं नाही त्यांना मेशची काही गरज नाही. एक बरा राउटर मध्यावर ठेवा, झालं.

किती डब्यांचा संच घ्यावा?

दोन. तीनचा संच स्वस्त वाटतो म्हणून लोक तीन घेतात आणि तिसरा डबा दुसऱ्यापासून दहा फुटांवर ठेवतात. जवळजवळ ठेवलेले डबे एकमेकांच्याच सिग्नलमध्ये अडथळा आणतात आणि फोन कोणाला धरावं या घोळात पडतो. दोन घ्या, महिनाभर वापरा, कमी पडलं तर त्याच कंपनीचा एक सुटा डबा मिळतो.

दुसरा डबा कुठे ठेवायचा?

जिथे नेट येत नाही तिथे ठेवतात, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ज्या खोलीत सिग्नलच नाही तिथे ठेवलेल्या डब्याला तरी तो कुठून मिळणार? विहिरीला पाणी नसताना मोटार मोठी बसवण्यासारखं आहे ते. दुसरा डबा मध्ये ठेवायचा, पहिल्याचा सिग्नल अजून चांगला असेल तिथपर्यंत.

अंदाजाने करायचं नसेल तर फोनमध्ये वायफाय ॲनालायझरसारखं कुठलंही फुकट ॲप टाका. त्यात सिग्नल उणे आकड्यात दिसतो. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ ला अडखळतो आणि उणे ८० च्या पुढे नुसत्या काड्या दिसतात, काम होत नाही. दुसऱ्या डब्याची जागा उणे ६० ते ६५ च्या आसपास शोधा. ॲप ५ गिगाहर्ट्‌झचा आकडा दाखवतंय ना, तेवढं बघून घ्या. २.४ चा आकडा नेहमीच जास्त गोड दिसतो.

डबे वायरने जोडायचे की वायरलेस ठेवायचे?

माझं मत विचाराल तर डब्याचे पैसे कमी करा आणि वायर टाका. मधली वायर असेल तर साधा स्वस्त मेशही महागड्या वायरलेस मेशला मागे टाकतो, कारण वेग अर्धा होण्याचा प्रश्नच उरत नाही. डब्यांचा सगळा रेडिओ तुमच्या फोन-टीव्हीसाठी मोकळा राहतो.

घर बांधताय? मग स्लॅब पडायच्या आधी वायरमनला सांगून बैठकीपासून प्रत्येक मजल्यावर एक वेगळा पाइप टाकून घ्या. लाइटच्या पाइपातच लॅन केबल कोंबू देऊ नका. बांधलेल्या घरात जिन्याच्या कडेने केसिंग पट्टीतून केबल नेता येते. दिसायला जरा कमी, पण चालायला पक्की. केबल कॅट ६ आणि शुद्ध तांब्याची मागा. स्वस्त बंडलात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. ती वाकवताना तुटते आणि लांब अंतरावर दगा देते.

वायर टाकूनही वेग बरोबर ९४-९५ एमबीपीएसवरच (सेकंदाला मेगाबिट) अडकला, असा फोन नेहमी येतो. प्लॅन २०० किंवा ३०० चा आणि आकडा ९४ च्या वर हलायला तयार नाही. हा आकडा दिसला की नेटवाल्याला दोष देऊ नका, केबलचं टोक बघा. लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. दोनच जोड्या जुळल्या की पोर्ट, म्हणजे केबल घालायची खाच, १०० एमबीपीएसवर उतरतं आणि नेटवर्कचा स्वतःचा खर्च वजा जाता हातात ९४-९५ येतात. क्रिम्पिंग करताना, म्हणजे टोकाला कनेक्टर बसवताना, एक तार आत नीट गेली नाही, किंवा केबलवाल्याने काम उरकायला चारच तारा जोडल्या, एवढ्यानेही हे होतं. कनेक्टर पारदर्शक असतो. उजेडात धरून आठही तारांची टोकं पुढच्या भिंतीला टेकलीत का बघा. एखादी मागे राहिलेली दिसली तर टोक कापून नव्याने क्रिम्प करायला सांगा. टोक ठीक असेल तर डब्याचं पोर्टच १०० चं आहे का ते तपासा, त्याबद्दल खाली आहे.

जुना राउटर पडून आहे. त्याचाच उपयोग नाही का होणार?

होतो, आणि फुकटात. मात्र केबल हवी. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याचा स्वतःचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्या, म्हणजे मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, आणि केबल त्याच्या वॅन (बाहेरची लाइन घ्यायच्या) पोर्टात न घालता लॅन पोर्टात घाला. वायफायचं नाव आणि पासवर्ड तोच ठेवा, चॅनेल वेगळं. बऱ्याच राउटरांत ॲक्सेस पॉइंट मोड (राउटरचं काम न करता फक्त वायफाय देणं) असा तयार पर्यायच असतो, तो निवडला की हे सगळं आपोआप होतं. मेशइतकी सफाईने अदलाबदल होणार नाही, पण माडीवर मुलांचा क्लास चालतो. पुष्कळ घरांचं काम इथेच संपतं.

कोणती कंपनी घ्यावी?

कंपनीपेक्षा मॉडेल बघा, आणि मॉडेलमध्ये पोर्ट बघा. टीपी-लिंकच्या डेको ई४ आणि एम४ या दोन्हींवर १२०० चा आकडा आहे, दिसायलाही सारखे. पण ई४ चं पोर्ट १०० एमबीपीएसचं आणि एम४ चं गिगाबिट, म्हणजे १००० चं. टेंडाच्या नोव्हामध्ये तोच फरक एमडब्ल्यू३ आणि एमडब्ल्यू६ मध्ये आहे. तुमचा प्लॅन १०० किंवा त्याखालचा असेल तर १०० च्या पोर्टाने काही अडत नाही. उद्या प्लॅन वाढवलात तर मात्र डबेच बदलावे लागतील, म्हणून थोडे जास्त देऊन गिगाबिट घेतलेलं बरं.

मर्क्युसिसचा हेलो एच५०जी हा कमी पैशांत गिगाबिट पोर्ट देणारा संच आहे, ही टीपी-लिंकचीच भावकी. वायफाय ६ (वायफायची पुढची पिढी) हवं असेल तर डेको एक्स२० किंवा एक्स५०. दोन डबे वायरलेसच ठेवायचेत आणि घर मोठं आहे, तर ट्राय बँड मॉडेल बघा, उदाहरणार्थ आसुसचं झेनवायफाय एक्सटी८ किंवा नेटगिअरचं ओर्बी. त्यात डब्या-डब्यांमधल्या बोलण्याला एक वेगळा रेडिओ असतो, म्हणून लांबच्या डब्यावर वेग फारसा पडत नाही. पैसे मात्र बरेच लागतात. वायर टाकता येत असेल तर ट्राय बँडला एवढे पैसे घालू नयेत, या मताला मी ठाम आहे.

आसुसचा जुना राउटर घरात असेल तर तो एआयमेश (आसुसची स्वतःची मेश सोय) चालवतो का बघा. नवा-जुना एकत्र जोडता येतो.

वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एकत्र चालतात का?

वायफाय अलायन्सने २०१८ मध्ये ईझीमेश नावाचं मानक त्यासाठीच आणलं. खोक्यावर तो शब्द असेल तर शक्यता आहे, खात्री धरू नका. डेकोचे डबे एकमेकांत, अगदी वेगवेगळी मॉडेलंसुद्धा जुळतात, पण त्याच कंपनीच्या आर्चर राउटरशी मेशमध्ये जुळत नाहीत. म्हणून एका घरात एकच मालिका ठेवावी.

खोक्यावर १२०० लिहिलंय, मग मला ३०० का मिळतात?

तो आकडा दोन्ही पट्ट्यांची कागदी बेरीज आहे, २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७. एक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो आणि हवेत त्या ८६७ मधले निम्मे मिळाले तरी चांगलं समजायचं. आणि प्लॅन १०० चा असेल तर ३०० येणारच नाहीत, हेही काही जणांना सांगावं लागतं.

वायफाय ५, ६ की ७?

फोन आणि टीव्ही तीन-चार वर्षांपूर्वीचे असतील तर वायफाय ५ चांगलं पुरतं. घरात पंधरा-वीस उपकरणं एकाच वेळी चालत असतील तर ६ घ्या. त्याचा खरा फायदा गर्दी सांभाळण्यात आहे, लांब पल्ल्यात नाही. वायफाय ७ चं प्रमाणपत्र जानेवारी २०२४ पासून सुरू झालं. त्याचा मोठा भाग ६ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्‌झ एवढा भाग परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये आला. आणि ६ गिगाहर्ट्‌झ दोन फुटी भिंतीसमोर ५ पेक्षाही लवकर हात टेकतो. वाड्यासाठी ७ घेऊ नका.

वायफायच्या यादीत नावापुढे ५जी दिसतं. आमच्याकडे ५जी आलं का?

नाही. ते ५ गिगाहर्ट्‌झ. मोबाइलच्या ५जीशी संबंध नाही.

नेटवाल्याचा डबा काढून टाकायचा का?

काढू नका. फायबर त्यातच येतं. प्रश्न एवढाच की राउटरचं काम दोघांपैकी कोणी करायचं. दोघेही करत राहिले की दुहेरी नॅट होतं, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते. साधं ब्राउझिंग चालतं, पण बाहेरून कॅमेरा बघणं, काही गेम, ऑफिसचं व्हीपीएन यात अडचणी येतात. सगळ्यात सोपा मार्ग: मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका आणि नेटवाल्याच्या डब्याचं वायफाय बंद करा. ते चालू राहिलं तर फोन तिकडेच चिकटतात आणि मेश नुसता शोभेला राहतो.

मेशनेच राउटरचं काम करावं असं वाटत असेल तर नेटवाल्याला त्याचा डबा ब्रिज मोडवर (राउटरचं काम बंद, लाइन नुसती पुढे देणं) टाकायला सांगा आणि पीपीपीओईचं, म्हणजे लाइनच्या लॉगिनचं, युजरनेम-पासवर्ड मागून घ्या. काही ठिकाणी व्हीलॅनचा आकडाही लागतो. हे सगळं भरूनही नेट येत नसेल तर लाइन जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधलेली असू शकते. नवा मॅक कळवा, नाहीतर मेशच्या सेटिंगमध्ये मॅक क्लोन करा.

नेट गेलंय की वायफाय गेलंय, हे कसं ओळखायचं?

आधी रिचार्ज संपलाय का बघा. हसू नका.

मग फायबरच्या डब्याचे लाइट बघा. एलओएस नावाचा लाइट लाल झाला असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. कुठेतरी केबल तुटली आहे: रस्त्याच्या कामात जेसीबीने ओढली असेल, वानरांनी छतावर झोका घेतला असेल, नाहीतर तुमच्याच घरात कपाटामागे काटकोनात मुडपली असेल. राउटर शंभर वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, फोन लावा. पीओएन लाइट लुकलुकत असेल तर डबा नोंदणीसाठी धडपडतोय, दहा मिनिटं थांबा. दोन्ही ठीक आणि तरी नेट नाही, तर लॉगिनचा किंवा त्यांच्या सर्व्हरचा प्रश्न असतो.

लाइट सगळे हिरवे, नेट आहे पण अडखळतं, अशा वेळी पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजा. लॅपटॉपवर किंवा फोनच्या एखाद्या पिंग ॲपवर आधी आपल्या राउटरचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, डेकोचा १९२.१६८.६८.१. उत्तर दोन ते दहा मिलिसेकंदांत एकसारखं येत राहिलं तर घरातलं वायफाय ठणठणीत. मध्येच २००-३०० वर उडी मारत असेल किंवा उत्तरच चुकत असेल तर दोष घरातला: अंतर, भिंत, गर्दी. मग ८.८.८.८ ला (गुगलचा बाहेरचा पत्ता) पिंग करा. घरचा पिंग स्वच्छ आणि हा खराब, म्हणजे दोष लाइनचा. या दोन पिंगांना पाच मिनिटं लागतात आणि नेटवाल्याशी होणारे निम्मे वाद त्यातच मिटतात.

दिवसा नेट पळतं, रात्री आठनंतर रांगतं. का?

दोन कारणं असू शकतात. एक, गल्लीतले सगळे राउटर त्याच वेळी जागे होतात. २.४ वर एकमेकांत न मिसळणारी चॅनेलं तीनच आहेत, १, ६ आणि ११. फ्लॅटमध्ये चॅनेल बदलून बघा, फोन-टीव्ही ५ वर न्या. दुसरं, नेटवाल्याने एका लाइनवर जास्त घरं बसवली असतील. रात्री नऊला लॅपटॉप वायरने लावून वेग मोजा. वायरवरही कमीच आला तर मेशवर पैसे घालवू नका, नेटवाला बदला.

माडीवर गेलं तरी फोन खालच्याच डब्याला धरून बसतो.

डबा कधी बदलायचा हे फोन ठरवतो, मेश फक्त सुचवतो. जुने फोन हट्टी असतात. मेशच्या ॲपमध्ये फास्ट रोमिंग आणि बीमफॉर्मिंग चालू आहे का बघा. तरी नाही झालं तर खालच्या डब्याच्या प्रक्षेपणाची ताकद मध्यम करा, सोय असेल तर. टीव्हीसारखी हलत नसणारी उपकरणं ॲपमधून ठरावीक डब्याला बांधून टाकता येतात.

नवा मेश लावला आणि कॅमेरा, स्मार्ट प्लग जोडलेच जात नाहीत.

ही उपकरणं बहुतेक २.४ वरच चालतात आणि मेश दोन्ही पट्टे एकाच नावाखाली ठेवतो. जोडणी करताना फोन ५ वर असला की बऱ्याच कॅमेऱ्यांचं ॲप गोंधळतं. ॲपमधून २.४ चं वेगळं गेस्ट किंवा आयओटी नेटवर्क चालू करा आणि कॅमेरे त्यावर टाका. सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर असेल तर जुन्या उपकरणांसाठी डब्ल्यूपीए२ ठेवा.

लाइट गेली की नेट जातं. इन्व्हर्टर आहे, तरीही.

इन्व्हर्टरवर लाइट येताना जो क्षणभराचा झटका बसतो त्यात राउटर रिस्टार्ट होतो आणि दोन-तीन मिनिटं जातात. छोटा डीसी यूपीएस घ्या. राउटरच्या ॲडॉप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय की १२, ते वाचून तोच व्होल्ट घ्या. अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो. फायबरचा डबा आणि मेशचा पहिला डबा, दोघांनाही यूपीएस हवा. एकालाच लावून उपयोग नाही.

एवढं करूनही लाइटबरोबर नेट जात असेल तर दोष बाहेर आहे. फायबरच्या खांबावरच्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांत वाटणारा डबा) वीज लागत नाही. पण गावच्या केबलवाल्याने मध्ये स्विच किंवा मीडिया कन्व्हर्टर बसवला असेल तर तिथली डीपी गेली की तुमचंही नेट गेलं. त्याला तिथे बॅटरी लावायला सगळ्या गल्लीने मिळून सांगा.

विजा कडाडतात तेव्हा काय करावं?

प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही. मे-जूनच्या वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात आपल्याकडे डबे जळण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. फायबर काचेचं असतं, त्यातून वीज येत नाही, पण केबलीला आधाराची लोखंडी तार असेल तर ती घरात शिरण्याआधीच तोडलेली पाहिजे. गच्चीवरच्या कॅमेऱ्याची लॅन केबलही काढून ठेवा, बहुतेक वेळा वीज तिथूनच राउटरच्या पोर्टात उतरते. आणि घराचं अर्थिंग एकदा वायरमनकडून मोजून घ्या.

उन्हाळ्यात दुपारी नेट तुटतं, संध्याकाळी आपोआप ठीक होतं.

डबा पत्र्याखाली आहे का? घरगुती राउटर ० ते ४० अंशांसाठी बनवलेले असतात. परभणी-नांदेडला बाहेरच ४२-४३ होतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. डबा खालच्या खोलीत, कपाटाबाहेर, हवा लागेल असा ठेवा. त्यावर रुमाल, शोभेची झाकणं वगैरे घालू नका.

बाकी सगळं चालतं, पण बँकेची साइट तेवढी उघडत नाही.

पीपीपीओई लाइनवर हे होतं. राउटरमध्ये एमटीयू (एका वेळी पाठवायच्या डेटाच्या तुकड्याचा आकार) १५०० असेल तर १४९२ करा, तरी नाही तर १४८०. त्यासोबत डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकून बघा.

आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, नेट न्यायचंय. गावातल्या घरापासून दीड किलोमीटर आहे.

मेशने होणार नाही, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. यासाठी बाहेर लावायचे दिशादर्शक डबे मिळतात, टीपी-लिंकचा सीपीई५१० किंवा युबिक्विटीचा लाइटबीम वगैरे. एक घराच्या गच्चीवर, एक आखाड्यावर, तोंडं समोरासमोर. ५ गिगाहर्ट्‌झ पट्टा बाहेर वापरायला २०१८ पासून परवाना लागत नाही.

अट एकच, मध्ये काही आडवं नको. अर्धवट दिसलं तरी चालतं, या भरवशावर राहू नका. उन्हाळ्यात मोकळ्या रानावर लिंक फर्मास लागते आणि ऊस डोक्याच्या वर गेला की कोलमडते, कारण ओली पानं सिग्नल पितात. म्हणून पाइप उभारताना पिकाची पूर्ण उंची धरून वर आणखी आठ-दहा फूट ठेवा. मध्ये लिंबाचं झाड असेल तर बाजूने जागा शोधा, झाड तोडायची गरज नसते. शेतातल्या लाइटचा भरवसा नसल्याने तिकडे छोटं सौर पॅनेल आणि बॅटरी लावा. या डब्यांना वीज फार थोडी लागते. आखाड्यावर डबा उतरला की त्याला एक साधा राउटर जोडा, कॅमेरा आणि मोटारीचं स्टार्टर त्यावर चालतात.

लातूरला अभ्यासिका आहे, चाळीस मुलं बसतात. घरचा मेश चालेल का?

दोन दिवस चालेल. चाळीस फोन आणि चाळीस लॅपटॉप घरगुती डब्याच्या आवाक्यातले नाहीत. तिथे छताला लावायचे व्यावसायिक ॲक्सेस पॉइंट, प्रत्येकाला स्वतंत्र केबल आणि मुलागणिक वेगाची मर्यादा लागते. मर्यादा नसेल तर एक मुलगा सिनेमा डाउनलोड करतो आणि एकोणचाळीस जणांची टेस्ट सिरीज अडकते.

तक्रार केली की नेटवाला म्हणतो, आमच्याकडून ओके आहे. पुढे काय?

त्याला तीन गोष्टी दाखवा. वायरने लावलेल्या लॅपटॉपवरचा वेग, तारीख-वेळेसह. राउटरचा स्वच्छ आणि ८.८.८.८ चा खराब पिंग, दोन्हींचे फोटो. आणि फायबरची प्रकाशपातळी. ती डब्याच्या सेटिंगमध्ये आरएक्स पॉवर नावाने दिसते. उणे १५ ते २५ च्या दरम्यान असली तर लाइन ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेली की लाइन तुटायला लागते. हा आकडा समोर ठेवला की माणूस लगेच खांबावर चढतो, असा माझा अनुभव आहे.

वायफायचे फोटो दाखवू नका, तो लगेच भिंतीवर खापर फोडेल. तक्रार तोंडी न करता कंपनीच्या तक्रार केंद्रात करा आणि डॉकेट नंबर मागून लिहून ठेवा. मुदतीत काम झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं आणि तिथे पहिला प्रश्न हा नंबर कुठे आहे असाच असतो.